वाटूरहून वकिलीकडे: सनदेपर्यंतचा खर्च, कागद आणि वेळ

सनद घेण्याचं कायद्याने ठरलेलं शुल्क ७५० रुपये आहे. अनुसूचित जाती-जमातींच्या उमेदवारांसाठी १२५ रुपये. हे दोन आकडे आधी पाठ करा. वाटूर फाट्यावरून जालन्याची गाडी पकडल्यापासून अंगात काळा कोट येईपर्यंत या वाटेवर बरेच जण तुमच्याकडे पैसे मागतील. त्यातले कोणते द्यायचे आणि कोणते नाकारायचे, हे ठरवता यावं म्हणून हा हिशोब मांडला आहे.

तीन वर्षं की पाच?

बारावीनंतर पाच वर्षांचा अभ्यासक्रम, पदवीनंतर तीन वर्षांचा. पाच वर्षांच्या वाटेने एक वर्ष वाचतं. पण हा अभ्यासक्रम मधूनच सोडता येत नाही. तीन वर्षांनी घरची अडचण आली म्हणून बाहेर पडलात तर बी.ए. हातात मिळेल, असं समजू नका. मधून प्रवेश आणि मधून बाहेर पडणं, दोन्हीला बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या नियमांत मनाई आहे. घरचं उत्पन्न पावसावर असेल आणि पाच वर्षांची खात्री नसेल, तर आधी परतूर, मंठा किंवा जालन्यात साधी पदवी घ्या आणि मग एलएलबीकडे वळा. एक वर्ष जास्त जाईल, पण मधे काही झालं तरी पदवी हातात राहील. बारावीलाच मन पक्कं असेल आणि घरचा आधार असेल, तर पाच वर्षांचा अभ्यासक्रम चांगला.

पात्रतेचे गुण: खुल्या गटाला ४५ टक्के, इतर मागासवर्गीयांना ४२, अनुसूचित जाती-जमातींना ४०. तीन वर्षांसाठी हे गुण पदवीचे धरतात, पाच वर्षांसाठी बारावीचे. दशांश वर नेऊन पूर्ण टक्का धरतील, या भरवशावर राहू नका.

मुक्त विद्यापीठातून पदवी घेतलेल्यांनी इथे थांबून नीट वाचा. दहावी, बारावी रीतसर करून मग मुक्त विद्यापीठाची पदवी घेतली असेल तर ती चालते. पण बारावी न करता, पूर्वतयारी परीक्षा देऊन थेट पदवीला बसला असाल, तर त्या पदवीवर एलएलबीला पात्र ठरत नाही. प्रवेश मिळाला तरी सनदेच्या वेळी अडकाल, म्हणजे तीन वर्षं आणि फी दोन्ही गेली. असा कुणी ओळखीचा असेल तर त्याला आजच सांगा.

सीईटी: फॉर्म एक नाही, दोन

राज्य सीईटी कक्षाची विधी प्रवेश परीक्षा दिल्याशिवाय राज्यातल्या साध्या विधी महाविद्यालयांत प्रवेश नाही. तीन वर्षांची परीक्षा वेगळी, पाच वर्षांची वेगळी. नोंदणी साधारण डिसेंबर-जानेवारीपासून सुरू होते आणि परीक्षा मार्च ते मे यादरम्यान होते. शुल्क ८०० ते १,००० रुपयांच्या घरात, राखीव गटांना कमी. परीक्षा संगणकावर, बहुपर्यायी, दोन तासांची. प्रश्न इंग्रजीसोबत मराठीतही असतात, इंग्रजीचा भाग सोडून. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, त्यामुळे एकही प्रश्न कोरा सोडायचा नाही. तीन वर्षांच्या परीक्षेत इंग्रजीचा वाटा मोठा असतो आणि आपल्याकडची मुलं नेमकी तिथेच मागे पडतात. मागे पडला असाल तर दोन-तीन महिने रोज तासभर इंग्रजी उतारे वाचा. त्यासाठी शहरात जाऊन वीस-पंचवीस हजारांचा क्लास लावायची गरज नाही.

फॉर्म स्वतःच्या मोबाइल नंबरवर आणि स्वतःच्या ईमेलवर भरा. नेट कॅफेवाला वेळ वाचवायला स्वतःचा नंबर टाकतो. पुढे ओटीपी त्याच्याकडे जातो आणि दुकान बंद असलं की तुमचा प्रवेशही अडतो. पासवर्ड वहीत लिहून ठेवा. फॉर्म भरून देण्याची मजुरी शे-दोनशे रुपये ठीक आहे. हजार मागितले तर उठा.

आता खरी मेख. सीईटी दिली, गुण आले, की काम झालं असं अनेकांना वाटतं. तसं नाही. निकालानंतर कॅपची, म्हणजे केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेची, वेगळी नोंदणी करायची असते. तिचं शुल्क वेगळं, कागद पुन्हा अपलोड करायचे, त्यांची तपासणी होते, गुणवत्ता यादी लागते, मग महाविद्यालयांचे पर्याय भरायचे. दर वर्षी चांगल्या गुणांची मुलं ही दुसरी नोंदणी न केल्यामुळे घरी बसतात. निकालानंतर रोज एकदा सीईटी कक्षाचं संकेतस्थळ उघडा. फेऱ्या पावसाळाभर चालतात, कधी दिवाळीपर्यंत लांबतात. या काळात पेरणी-फवारणीच्या धावपळीतही फोनवरची सूचना चुकवू नका.

कागद: कामाला आधीच्या हिवाळ्यातच लागा

दहावी-बारावीच्या गुणपत्रिका, पदवीच्या सगळ्या सत्रांच्या गुणपत्रिका, शाळा किंवा महाविद्यालय सोडल्याचा दाखला, आधार, वय-राष्ट्रीयत्व-अधिवास प्रमाणपत्र. शिक्षणात खंड असेल तर त्याचं प्रतिज्ञापत्र. पदवी दुसऱ्या विद्यापीठाची असेल तर स्थलांतर प्रमाणपत्र. लग्नानंतर नाव बदललं असेल तर विवाह नोंदणी प्रमाणपत्र किंवा राजपत्रातली नोंद. आरक्षण घेणाऱ्यांना जात प्रमाणपत्र आणि जात वैधता. इतर मागास, भटके-विमुक्त, विशेष मागास आणि एसईबीसी गटांना शिवाय नॉन-क्रिमीलेअर, तेही मुदतीतलं. मुदत ३१ मार्चला संपते, त्यामुळे जुन्या प्रमाणपत्रावरची तारीख आधी तपासा. खुल्या गटातल्या, आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्यांना ईडब्ल्यूएस. फी सवलतीसाठी उत्पन्नाचा दाखला.

वाटूरकरांसाठी यातले बहुतेक दाखले परतूरला होतात. उत्पन्न आणि अधिवासाचा अर्ज आपले सरकार सेवा केंद्रातून तहसीलला जातो, जात प्रमाणपत्र उपविभागीय अधिकारी कार्यालयातून मिळतं, जात वैधतेची समिती (अनुसूचित जमाती सोडून इतरांसाठी) जिल्ह्याच्या ठिकाणी जालन्यात आहे. उत्पन्नासाठी आधी गावच्या तलाठ्याचा (आता पदनाम ग्राम महसूल अधिकारी) अहवाल लागतो. उत्पन्न आणि अधिवास दाखल्याची मुदत १५ दिवसांची. नॉन-क्रिमीलेअरला महिना-दीड महिना धरून चाला. जात वैधतेला कित्येक महिने लागतात, म्हणून सीईटीचा फॉर्म भरायच्या आधीच तो अर्ज टाका. वडिलांकडच्या रक्तनात्यात कुणाची वैधता झाली असेल तर तिची प्रत जोडा, काम सोपं होतं.

इथे दोन ठिकाणी पैसे गळतात. पहिलं, मुद्रांक. ऑक्टोबर २०२४ पासून शंभराच्या मुद्रांकाच्या जागी पाचशेचा आला आणि लगेच काही ठिकाणी विद्यार्थ्यांकडून दाखल्यांसाठीही पाचशेचा मुद्रांक मागायला सुरुवात झाली. जात, उत्पन्न, अधिवास, नॉन-क्रिमीलेअर यांसाठी सरकारी कार्यालयात द्यायच्या प्रतिज्ञापत्राला मुद्रांक शुल्क माफ आहे. साध्या कागदावर लिहून द्या. चार दाखल्यांचे दोन हजार तिथेच वाचतात. दुसरं, सेवा केंद्राचा दर. प्रत्येक केंद्रात दरफलक लावणं बंधनकारक आहे. फलक बघा, पावती घ्या, पावतीवरचीच रक्कम द्या. मुदत उलटली तर महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ खाली ३० दिवसांत पहिलं अपील करता येतं. पावती नसेल तर अपीलही नाही.

कुठे शिकायचं, फी किती

वाटूरपासून दोन दिशा आहेत. परतूरला रेल्वे स्थानक आहे. मनमाडच्या बाजूने गेलात तर जालना आणि छत्रपती संभाजीनगर, उलट बाजूने परभणी आणि पुढे नांदेड. संभाजीनगरला माणिकचंद पहाडे विधी महाविद्यालय आणि नागसेनवनातलं डॉ. बाबासाहेब आंबेडकर विधी महाविद्यालय ही जुनी नावं. परभणीत शिवाजी विधी महाविद्यालय, नांदेडला नारायणराव चव्हाण विधी महाविद्यालय. जालन्यात तुमच्या प्रवेशाच्या वर्षी कोणतं महाविद्यालय प्रवेश देतं आहे, हे कॅपच्या यादीतच बघा. यादीत नाव नसेल, तर जाहिरात कितीही मोठी असली तरी तिकडे जाऊ नका.

संभाजीनगरलाच २०१७ पासून महाराष्ट्र राष्ट्रीय विधी विद्यापीठ आहे. तिथे सीईटी चालत नाही, क्लॅट द्यावी लागते. तिचं शुल्क ४,००० रुपये, अनुसूचित जाती-जमाती आणि दारिद्र्यरेषेखालच्या उमेदवारांना ३,५००. परीक्षा डिसेंबरमध्ये, इंग्रजीत. तिथली फी वर्षाला लाखांत जाते. मुलगा किंवा मुलगी हुशार असेल तर प्रयत्न जरूर करा, पण कर्ज आणि शिष्यवृत्तीचा विचार आधी करून.

साध्या विधी महाविद्यालयात दोन प्रकार. अनुदानित तुकडीची फी वर्षाला साधारण दहा-पंधरा हजारांपर्यंत जाते. विनाअनुदानितची पंचवीस हजारांपासून पन्नास-साठ हजार आणि त्याहूनही वर. एकाच इमारतीत दोन्ही तुकड्या असू शकतात, म्हणून पर्याय भरताना नावाबरोबर प्रकारही वाचा. विनाअनुदानित महाविद्यालयाची फी शुल्क नियामक प्राधिकरण ठरवतं आणि ती संकेतस्थळावर असते. तिचा छापील कागद सोबत घेऊन जा. त्याबाहेर विकास निधी, इमारत निधी, देणगी या नावांनी काही मागितलं तर पावती मागा. प्रवेशासाठी देणगी घेणं राज्यात १९८७ च्या कायद्यापासून गुन्हा आहे.

न सांगितलेले खर्च हे: विद्यापीठाचं पात्रता शुल्क, दर सत्राचा परीक्षा फॉर्म, राहिलेल्या विषयाचं वेगळं शुल्क, फेरतपासणी, ओळखपत्र, आणि प्रात्यक्षिक विषयांच्या फायली. मूट कोर्ट, मसुदालेखन यांच्या वह्या तयार विकत मिळतात, पाचशे-हजारात. घेऊ नका. तीन वर्षांच्या अभ्यासक्रमात किमान १२ आठवडे आणि पाच वर्षांच्या अभ्यासक्रमात २० आठवडे इंटर्नशिप करावीच लागते. ती परतूरच्या दिवाणी न्यायालयात एखाद्या ज्येष्ठ वकिलांसोबत केलीत तर वही आपोआप खरी भरेल, पैसेही लागणार नाहीत, आणि पुढे उमेदवारी कुठे करायची तेही कळेल.

पुस्तकांबाबत एक सावधगिरी. १ जुलै २०२४ पासून भारतीय दंड संहिता, फौजदारी प्रक्रिया संहिता आणि पुरावा कायदा यांच्या जागी भारतीय न्याय संहिता, भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आणि भारतीय साक्ष्य अधिनियम आले. जुन्या पुस्तकांचा अख्खा संच स्वस्तात मिळतोय म्हणून उचलू नका. करार, हिंदू कायदा, संविधान यांची जुनी पुस्तकं चालतील, फौजदारीची नाहीत. मूळ कायदे इंडिया कोड या सरकारी संकेतस्थळावर फुकट आहेत. उत्तरपत्रिका मराठीत लिहिता येते का, हे प्रवेशाआधी महाविद्यालयाच्या कार्यालयात विचारून घ्या. मग पुस्तकं त्या भाषेतली घ्या, दोनदा खर्च होणार नाही.

फी परत मिळवण्याची वाट

कॅपमधून प्रवेश घ्या. हे ठळक सांगण्याचं कारण असं की महाडीबीटी या सरकारी संकेतस्थळावरच्या फी सवलती कॅपमधून आलेल्यांसाठी आहेत. व्यवस्थापन कोट्यातून घाईने प्रवेश घेतला की सवलत गेली. एजंट नेमकी हीच गोष्ट सांगत नाही.

राजर्षी शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्तीत आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या खुल्या गटातल्या विद्यार्थ्यांना शिक्षण शुल्काची निम्मी रक्कम मिळते. मुलींसाठी जुलै २०२४ च्या शासन निर्णयाने ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि इतर मागास गटांत, आठ लाखांच्या आत उत्पन्न असेल तर, व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ केलं आहे. घरात लेक शिकायची आहे आणि पैशांमुळे थांबली आहे, अशी घरं आपल्या पट्ट्यात कमी नाहीत. त्यांनी हा शासन निर्णय छापून महाविद्यालयात न्यावा. अनुसूचित जाती-जमातींसाठी मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती. शासकीय वसतिगृहात जागा मिळाली नाही तर अनुसूचित जातींना स्वाधार, आदिवासी विद्यार्थ्यांना स्वयम् आणि इतर मागास व भटक्या-विमुक्तांना ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार योजना आहे, ज्यात राहण्या-जेवणाचे पैसे खात्यावर येतात. बँक खातं आधारशी जोडलेलं असू द्या. नाहीतर मंजूर झालेली रक्कम महिनोन्‌महिने अडकते.

प्रवेश रद्द करायचा झाला तर ठरलेल्या तारखेच्या आत अर्ज द्या. हजार रुपये कापून बाकी फी परत मिळते. मूळ कागद अडवून ठेवण्याचा अधिकार महाविद्यालयाला नाही.

राहणं आणि हजेरी

बार कौन्सिलचा नियम प्रत्येक विषयाला ७० टक्के हजेरीचा आहे. वाटूरहून संभाजीनगरला रोज ये-जा जमणारी नाही. जालन्याला जमेल, एसटीच्या विद्यार्थी पासात दोन-तृतीयांश सवलतही मिळते आणि महिलांना तर एरवीही अर्धं तिकीट. पण परीक्षेच्या महिन्यात थकाल. संभाजीनगर किंवा परभणीत दोघा-तिघांत खोली आणि मेस धरली तर महिन्याला सहा ते आठ हजार लागतात.

"हजेरी नको, फक्त परीक्षेला या" असं सांगणारे फोन तुम्हाला येतील. कधी हे महाविद्यालय परराज्यातलं असतं, कधी पैसे एकरकमी मागितले जातात. दूरशिक्षणाने घेतलेल्या एलएलबीवर सनद मिळत नाही. हजेरी कागदावरच असलेली पदवी पडताळणीत अडकू शकते, कारण बार कौन्सिल आता वकिलांच्या पदव्यांची विद्यापीठाकडून तपासणी करून घेतं. सप्टेंबर २०२४ पासून विद्यार्थ्याला नोकरी, दुसरी पदवी आणि दाखल गुन्हे यांची माहिती लेखी द्यावी लागते. शिक्षक, ग्रामसेवक किंवा बँकेत असाल तर आधी कार्यालयाची लेखी परवानगी घ्या. पूर्णवेळ पगारी नोकरीत असताना सनद वापरून वकिली करता येत नाही, हेही ध्यानात असू द्या.

सनद आणि अखिल भारतीय परीक्षा

एलएलबी झाल्यावर बार कौन्सिल ऑफ महाराष्ट्र अँड गोवाकडे अर्ज करायचा. वय २१ पूर्ण हवं. कागद: दहावीपासून एलएलबीपर्यंतच्या सगळ्या गुणपत्रिका, पदवी किंवा तात्पुरतं प्रमाणपत्र, सोडल्याचा दाखला, ओळखीच्या वकिलांची चारित्र्य प्रमाणपत्रं, प्रतिज्ञापत्र. आधी नोकरी केली असेल तर कार्यमुक्तीचा कागद. गुन्हा दाखल असेल तर लपवू नका. गुन्ह्यापेक्षा लपवणं महागात पडतं.

शुल्काचं सुरुवातीला सांगितलंच. ३० जुलै २०२४ ला सर्वोच्च न्यायालयाने गौरव कुमार विरुद्ध भारत सरकार या प्रकरणात निकाल दिला की राज्य बार कौन्सिलांनी ॲडव्होकेट्स ॲक्ट, १९६१ च्या कलम २४ मध्ये लिहिलेल्या रकमेपेक्षा आणि लागू असेल तर मुद्रांक शुल्कापेक्षा जास्त काही घेऊ नये. त्याआधी वेगवेगळ्या राज्यांत ही रक्कम पंधरा-वीस हजारांच्या पुढे गेली होती, ओडिशात ४२,१०० पर्यंत. ऑगस्ट २०२५ मध्ये न्यायालयाने पुन्हा बजावलं की "ऐच्छिक" म्हणूनही जास्तीचे पैसे घेता येणार नाहीत. ग्रंथालय निधी, प्रक्रिया शुल्क, ओळखपत्र शुल्क असं काही मागितलं तर निकालाचं नाव सांगा आणि लेखी मागा. निकालापूर्वी भरलेले पैसे मात्र परत मिळत नाहीत. "मुंबईचं, बार कौन्सिलमधलं काम करून देतो" म्हणणाऱ्याला पाच-दहा हजार देणारे अजूनही भेटतात. त्यात तुम्हाला न जमणारं असं काहीच नसतं.

सनदेनंतर दोन वर्षांच्या आत अखिल भारतीय बार परीक्षा, म्हणजे एआयबीई, उत्तीर्ण व्हायची. शुल्क खुल्या आणि इतर मागास गटांना ३,५००, अनुसूचित जाती-जमातींना २,५००. शंभर बहुपर्यायी प्रश्न, मराठीतही देता येते, गुण कापत नाहीत. टिपा नसलेलं मूळ कायद्याचं पुस्तक आत नेता येतं. उत्तीर्ण होण्यासाठी ४५ टक्के, अनुसूचित जाती-जमाती आणि दिव्यांगांना ४०. आता शेवटच्या सत्रातले विद्यार्थीही बसू शकतात, तेव्हा अभ्यास ताजा असतानाच उरकून टाका. नापास झालात तर पुन्हा पूर्ण शुल्क. केंद्र शहरात असतं, प्रवास आणि एक मुक्काम धरा.

एकूण किती?

तीन वर्षांची वाट, अनुदानित तुकडी, संभाजीनगरला खोली करून, कुठलीही शिष्यवृत्ती न धरता: महाविद्यालय आणि परीक्षा पन्नास हजारांच्या आसपास, राहणं-जेवण दोन लाखांच्या थोडं वर, पुस्तकं दहा हजार, फॉर्म, दाखले आणि प्रवास पाच-सात हजार, सनद आणि एआयबीई मिळून ४,२५०, कोट-बँड-गाऊन तीन हजार. म्हणजे पावणेतीन ते तीन लाख. विनाअनुदानित असेल तर चार लाखांपर्यंत. हा आमचा ढोबळ अंदाज आहे. यातला जवळजवळ तीन-चतुर्थांश भाग खोली-मेसचा आहे, म्हणून घासाघीस करायची तर तिथे करा: वसतिगृह, आधार योजना, नातेवाइकांचं घर.

आणि एक खर्च या बेरजेत येत नाही. सनद मिळाल्यावर पहिली दोन-तीन वर्षं ज्येष्ठ वकिलांकडे उमेदवारी करताना तालुक्याच्या न्यायालयात हातात फारसं काही पडत नाही. ऑक्टोबर २०२४ मध्ये बार कौन्सिल ऑफ इंडियाने कनिष्ठ वकिलांना शहरात २०,००० आणि ग्रामीण भागात १५,००० रुपये दरमहा द्यावेत असं परिपत्रक काढलं, पण ते शिफारशीचं आहे, सक्तीचं नाही. रुजू होण्याआधी किती मिळेल, हे न संकोचता विचारा. घरच्यांनाही सांगून ठेवा की कमाई सुरू व्हायला वेळ लागेल, म्हणजे पहिल्याच वर्षी काम सोडायची वेळ येणार नाही. न्यायाधीश व्हायचं मनात असेल तरी ही वर्षं टाळता येत नाहीत. २० मे २०२५ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने कनिष्ठ स्तर दिवाणी न्यायाधीशाच्या परीक्षेसाठी तीन वर्षांची वकिली पुन्हा सक्तीची केली आहे. ही वर्षं एआयबीईच्या आधी मिळणाऱ्या तात्पुरत्या सनदेच्या तारखेपासून मोजतात, त्यामुळे एलएलबीचा निकाल लागल्यावर अर्ज लांबवू नका.